जिप्सीचा कॅम पुढे घेतल्याने ॲव्हरेज वाढतं का?

वरूडकडच्या एका संत्रा बागायतदारांनी विचारलंय. त्यांच्याकडे 1998 ची कार्ब्युरेटरवाली जिप्सी किंग आहे. रोज शेताची कच्ची वाट आणि आठवड्यातून एकदा नागपूर. पूर्वी ॲव्हरेज दहा मिळायचं, आता आठच्या वर सरकत नाही. कुणीतरी त्यांना सांगितलं, कॅमचा (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दांड्याचा) पट्टा एक दात पुढे घ्या, नाहीतर फिरवता येणारी कॅम पुली टाकून चार अंश ॲडव्हान्स द्या, लिटरमागे दोन किलोमीटर कुठेच गेले नाहीत. करावं का?

भाऊ, एक दात तर मुळीच घेऊ नका. चार अंशांचं म्हणाल, तर आधी तुमचा कॅम आत्ता नेमका कुठे उभा आहे ते बघू. माझ्या गॅरेजात ‘कॅम सेट केल्यावर ॲव्हरेज वाढलं’ अशा ज्या गाड्या आल्या, त्यातल्या बहुतेकांचा कॅम आधी चुकीच्या जागी होता आणि तो फक्त जागेवर आला. बाकीच्यांमध्ये कॅमसोबत करंटचं टायमिंगही (प्लगची ठिणगी पडायची वेळ) नकळत पुढे गेलं होतं आणि फायदा त्याचा झाला होता. बरोबर जागी असलेला कॅम आणखी पुढे नेऊन या इंजिनाने मोजता येईल इतकं पेट्रोल वाचवलेलं मी पाहिलेलं नाही. असं का, ते जरा खोलात सांगतो, कारण हा सल्ला जिप्सीवाल्यांमध्ये सारखा फिरत असतो.

तुमच्या गाडीत 1298 सीसीचं, आठ व्हॉल्व्हचं इंजिन आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 75.5. डोक्यावर एकच कॅमशाफ्ट आणि तो रबरी दातेरी पट्ट्यावर फिरतो. ‘एकच’ हा शब्द लक्षात ठेवा. दोन कॅमच्या इंजिनात इनटेकचा कॅम एकटा हलवता येतो आणि एक्झॉस्टचा जागेवर ठेवता येतो. तुमच्याकडे ती सोय नाही. पुली फिरवली की इनटेक आणि एक्झॉस्ट, दोन्हींचं उघडणं-मिटणं एकाच मापाने पुढे किंवा मागे सरकतं. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहतात तो ओव्हरलॅप तेवढाच राहतो, व्हॉल्व्ह किती वर उचलला जातो तेही तेवढंच. बदलते ती फक्त वेळ.

कॅम पुढे घेतला की इनटेक व्हॉल्व्ह लवकर मिटतो. पिस्टन खालच्या टोकाला पोचून वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह काही अंश उघडाच ठेवलेला असतो. जास्त आरपीएमला आत येणाऱ्या हवेला वेग असतो, ती त्या वेळातही आत घुसत राहते. कमी आरपीएमला तो वेग नसतो, म्हणून आलेलं मिश्रण थोडं मागे, मॅनिफोल्डमध्ये (कार्ब्युरेटरकडून येणाऱ्या नळ्यांमध्ये) ढकललं जातं. व्हॉल्व्ह लवकर मिटला की हे मागे ढकलणं कमी होतं, सिलिंडर जास्त भरतो आणि खालच्या आरपीएमला गाडी जोर धरते. कॉम्प्रेशन गेजवरही आकडा थोडा वर दिसतो. ज्याने तुम्हाला सल्ला दिला त्याला हाच जोर जाणवला असणार. ‘गाडी एकदम मोकळी चालून राहिली’ हे वाक्य मी कैकदा ऐकलंय आणि ते खोटं नसतं.

पण जोर वाढला म्हणजे पेट्रोल वाचलं, हे कुठून आलं? शेताच्या वाटेवर तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर किती असतो? पाव सुद्धा नाही. तेव्हा इंजिनाला जास्त भरलेला सिलिंडर नकोच असतो. म्हणून तर कार्ब्युरेटरमधली झडप जवळपास मिटलेली असते. तोंडावर फडकं बांधून पळणाऱ्या माणसासारखी त्या वेळी इंजिनाची अवस्था असते, नुसती हवा ओढण्यातच बरीच ताकद खर्च होते. कॅम पुढे घेऊन सिलिंडर जास्त भरायला लागला, तर त्याच वेगाला तुम्ही झडप आणखी मिटणार, म्हणजे फडकं आणखी घट्ट. वर एक्झॉस्ट व्हॉल्व्हही तेवढाच लवकर उघडला. जो जळता वायू अजून पिस्टन ढकलू शकला असता, तो सायलेंसरमधून बाहेर. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

गंमत बघा. ज्यांना खरोखर पेट्रोल वाचवायचं होतं त्या कंपन्या उलट्या दिशेने गेल्या. टोयोटाची प्रियस 1997 साली जपानमध्ये आली. तिच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा मिटतो, आलेल्या हवेतली काही मागे जाऊ दिली जाते. ॲटकिन्सन पद्धत म्हणतात ती हीच. फडकं सैल होतं आणि भरलेल्या मिश्रणाला फुगायला जास्त जागा मिळते. मात्र त्यासाठी त्यांनी कॉम्प्रेशन रेशो बराच वर नेला आणि कमी पडणारा जोर भरून काढायला जोडीला विजेची मोटर दिली. आपण गॅरेजात नुसता कॅम मागे ढकलून प्रियस बनवू शकत नाही. तसं केलं तर गाडी मरगळते, तुम्ही एक गिअर खाली ठेवून चालवता आणि होतं त्यापेक्षाही ॲव्हरेज जातं.

सुझुकीचंच एक उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. अमेरिकेत जिओ मेट्रो नावाने सुझुकीची छोटी गाडी विकली जायची. तिचं तीन सिलिंडरचं एक लिटर इंजिन तुमच्या इंजिनाच्याच घराण्यातलं, बोअरही तोच 74 मिमी. 1990 च्या सुमारास तिचं एक्सएफआय नावाचं काटकसरी मॉडेल होतं. त्या काळच्या अमेरिकी सरकारी चाचणीत त्याचा आकडा शहरात गॅलनला 53 मैल आणि हायवेवर 58 मैल, म्हणजे आपल्या हिशोबात लिटरला साधारण साडेबावीस आणि पावणेपंचवीस किलोमीटर. तिथे सुझुकीने काय केलं होतं? कॅमचा आकारच वेगळा घेतला, इंजिनाचं सेटिंग त्याला जुळवलं, आणि चाकांकडे जाणारा शेवटचा गिअर लांब ठेवला, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरेल. नुसती पुली सरकवून काम भागलं असतं तर कारखान्याने एवढा खटाटोप कशाला केला असता?

तुमच्या जिप्सीचं दुखणं त्या शेवटच्या गिअरशी फार जवळचं आहे. जिप्सीत ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी गिअरची पेटी) वेगळी असते आणि तिचा हाय रेंजसुद्धा एकास एक नाही, सुमारे 1.4 ला एक असा आहे. टू-व्हील ड्राइव्हवर नागपूरला जाताना ऐंशीच्या वेगाला इंजिन तीन हजारांच्या आसपास फिरत असतं. समोरची काच सरळ उभी, छप्पर चौकोनी, वारा कापायचा म्हणजे खोकं ढकलण्यासारखं. ही गाडी डोंगर-रेतीसाठी बनली आहे. ऐंशीऐवजी पासष्ट-सत्तरने गेलात तर कुठल्याही पुलीपेक्षा जास्त वाचेल. हे सांगितलं की लोक नाराज होतात, तरी सांगतो.

आता करंटचं. सल्ला देणारे हमखास विसरतात ती हीच गोष्ट.

तुमच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा) हेडच्या मागच्या टोकाला आहे आणि तो कॅमशाफ्टवरूनच फिरतो. म्हणजे कॅम क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) मापाने चार अंश पुढे गेला, की ठिणगीसुद्धा आपोआप चार अंश पुढे जाते. पुली बसवणाऱ्याने नंतर टायमिंग लाइट लावून डिस्ट्रिब्युटर मागे फिरवला नसेल, तर गाडीत एक नाही, दोन बदल झाले. मालक श्रेय देतो पुलीला. पुष्कळ जुन्या जिप्सींचं करंट टायमिंग कुणीतरी कधीतरी नॉकिंगच्या (इंजिन खडखडण्याच्या) भीतीने मागे ठेवलेलं असतं. ते चार अंश पुढे आलं की गाडी उठणारच. मग तेच काम डिस्ट्रिब्युटरचा एक बोल्ट सैल करून, लाइट लावून दहा मिनिटांत का करू नये?

याच डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला एक गोल डबी असते, तिच्यातून एक बारीक रबरी नळी कार्ब्युरेटरकडे जाते. व्हॅक्यूम ॲडव्हान्स. हलक्या पायाने गाडी चालते तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, म्हणून ठिणगी बरीच आधी पडावी लागते. ते काम ही डबी करते. तिच्यातला पडदा फाटला की गाडी बंद पडत नाही, आवाज करत नाही, पिकअपसुद्धा ठीकठाक वाटतो. फक्त रमतगमत चालताना पेट्रोल जातं. तुमच्या वापरात नेमकं रमतगमत चालणंच जास्त. तपासायला काही लागत नाही. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, नळीचं कार्ब्युरेटरकडचं टोक काढून तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. आतली प्लेट सरकली पाहिजे आणि जीभ काढेपर्यंत तिथेच राहिली पाहिजे. लगेच परत आली, किंवा हललीच नाही, तर तुमचे दोन किलोमीटर इथेच सांडत असण्याची शक्यता कॅमपेक्षा कितीतरी जास्त आहे. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या जिप्सींमध्ये मला सगळ्यात जास्त सापडणारा दोष हाच आहे आणि तो कुणीच बघत नाही, कारण तो कानाला ऐकू येत नाही.

आता ‘एक दात’. कॅमच्या पुलीवरचे दात मोजा. समजा 40 निघाले, तर एक दात म्हणजे कॅमचे 9 अंश. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकच्या मापात ते 18 अंश झाले. तुम्हाला सांगितले चार, आणि एका दाताने होतात अठरा. त्यासोबत ठिणगीही अठरा अंश पुढे. मी धंद्यात नवा असताना एका गिऱ्हाइकाच्या हट्टापायी हा उद्योग केला होता. सपाटीला गाडी झकास पळाली. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन खडखडायला लागलं, डब्यात खिळे टाकून हलवावेत तसं. त्याने तसंच रेटलं. पुढे हेड उघडलं तेव्हा एका पिस्टनची कडा वितळून खाल्लेली होती. रिंगांसकट सगळं माझ्या खर्चाने करून दिलं, आणि तेव्हापासून दात या मापात मी बोलत नाही.

मात्र कॅम आपली जागा सोडतो, हेही तितकंच खरं आहे. तुमच्या गाडीच्या वयाला तर हे आधी बघायला हवं. तिचं हेड कधी तापून वाकलं होतं का? लेथवर नेऊन फेस केलं होतं का? पंचवीस वर्षांच्या गाडीत बहुधा एकदा तरी केलेलं असतं. हेड घासलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो. पट्ट्याची ओढ असलेली बाजू तेवढी आखूड होते, उरलेला सैलपणा दुसऱ्या बाजूचा टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी छोटी पुली) खाऊन टाकतो, आणि कॅम किंचित मागे फिरून बसतो. खुणा जुळलेल्याच दिसतात, म्हणजे जुळल्यासारख्या दिसतात. किती मागे? 40 दातांची पुली आणि दोन दातांमध्ये 8 मिमी धरलं तर घेर 320 मिमी. म्हणजे 1 मिमी सरकलं की कॅमचा सव्वा अंशाहून थोडा कमी, क्रँकचे सव्वादोन. अर्धा मिमी घासलं असेल तर क्रँकचा जेमतेम एक अंश. एवढ्याने आभाळ कोसळत नाही. पण हेड दोनदा घासलंय, ब्लॉकही वरून घासलाय, बाजारातली जाड-पातळ गॅस्केट लागलीय, असं सगळं जमून आलं की तीन-चार अंशांचा फरक पडू शकतो. अशा गाडीला फिरवता येणारी पुली जरूर लावावी. ती कॅमला पुढे नेत नाही, हेड घासण्याआधी तो होता तिथे परत आणून बसवते.

पट्ट्याचंही तसंच. हा टेन्शनर स्प्रिंगवर बसतो. पट्टा चढवल्यावर बोल्ट सैल ठेवून क्रँक दोन पूर्ण फेऱ्या हाताने फिरवायचा, स्प्रिंगला तिचं काम करू द्यायचं, मग बोल्ट आवळायचा. आमच्याकडे घाईत टेन्शनर हाताने नाहीतर पेचकसाने रेटून आवळतात. जास्त ताणला तर बेअरिंग ओरडतं, कमी ताणला तर कधीतरी पट्टा दात उडी मारतो. एक दात मागे गेलेली जिप्सी चालते, हो, चालते. मरगळलेली, गरम होणारी, पेट्रोल पिणारी, पण चालते. अशी गाडी घेऊन कुणी माझ्याकडे आला आणि मी पट्टा नीट बसवला, की त्याचं ॲव्हरेज खरंच दोनने वाढतं. मग तो गावात जाऊन सांगतो, ‘कॅम एक दात पुढे घेतला, दोनने वाढलं.’ त्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरं असतं. ऐकणाऱ्याच्या गाडीचा दात मुळात जागेवर असतो.

एवढं वाचून कॅम बघायचाच असेल, तर खुणांवर विसंबून बघू नका. पहिली पायरी सोपी आहे. व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला लावा. गरम इंजिन, आयडलला, काटा 17 ते 21 इंचांमध्ये स्थिर राहिला पाहिजे. स्थिर आहे पण पंधराच्या आसपासच लोळतोय, तर व्हॉल्व्हचं नाहीतर करंटचं टायमिंग मागे आहे. करंट लाइटने तपासून बाजूला काढा, उरला तो कॅम. काटा थरथरत असेल तर ती व्हॉल्व्हची किंवा गळतीची गोष्ट, वेगळीच.

दुसरी पायरी थोडी किचकट आहे, पण खरी मोजणी तिथेच होते. टॅपेट (व्हॉल्व्हवर ठेवायची बारीक फट) मॅन्युअलप्रमाणे आधी सेट करून घ्या, कारण टॅपेट सैल असेल तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो आणि सगळं माप बिघडतं. चारही प्लग काढा. क्रँकच्या पुलीवर अंशांची चकती लावा. पिस्टनचं वरचं टोक डोळ्यांनी ठरवू नका, तिथे पिस्टन काही अंश हलतच नाही. एका नंबरच्या प्लगच्या भोकातून पिस्टन अडेल असा बोल्ट घाला, क्रँक हळूच दोन्ही बाजूंनी टेकवा, दोन आकड्यांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. पुष्कळदा कळतं की पुलीवरची मूळ खूणच दोन-तीन अंशांनी खोटी आहे. मग त्या खुणेवर लाइट लावून केलेलं करंट टायमिंगही खोटंच.

बोल्ट काढा आणि डायल गेज इनटेक व्हॉल्व्हच्या डोक्यावर टेकवा. क्रँक चालू दिशेनेच फिरवा, मागे फिरवाल तर पट्ट्याचा सैलपणा मापात येतो. व्हॉल्व्ह 1 मिमी उघडला तेव्हाचा अंश लिहा, मिटताना 1 मिमी उरला तेव्हाचा लिहा. समजा टीडीसीनंतर 10 आणि 206 आले, तर मध्य 108. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या कॅमचे वेगळे असतील. तो मध्य मॅन्युअलच्या टायमिंगशी ताडून बघा, किंवा त्याच इंजिनाच्या न घासलेल्या हेडवरच्या मापाशी. 108 हवा आणि 112 आला, तर कॅम चार अंश मागे आहे. तेवढाच पुढे आणा. पुलीचे बोल्ट आवळण्याआधी लॉकिंगचं औषध लावा, आवळल्यावर रंगाची रेघ ओढा म्हणजे सरकली तर कळेल. मग हाताने दोन पूर्ण फेऱ्या. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. ‘या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत’ असं कुणी छातीठोक सांगितलं, तरी घासलेल्या हेडवर आणि न पाहिलेल्या पिस्टनवर मी तो भरवसा धरत नाही. शेवटी टायमिंग लाइट. डिस्ट्रिब्युटर कॅमवर आहे हे पुन्हा आठवा, करंट नव्याने सेट केल्याशिवाय बॉनेट लावू नका.

पुढच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या) जिप्सीवाल्यांनी हे वाचून पुली मागवू नये. त्या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही ईसीयू, म्हणजे गाडीतला संगणक, ठरवतो. कॅम हलवला की त्याचे ठरलेले हिशोब चुकतात. तिथे पट्टा खुणेवर, सेन्सर ठीक, एवढं पुरे.

चार अंश ॲडव्हान्स कधीच देऊ नये असं मात्र नाही. मोठे टायर लावलेत, रेतीत किंवा चिखलात लो रेंजमध्ये गाडी खेचायची आहे, वरचा वेग नकोच आहे, अशांना दोन ते चार अंशांनी खालचा जोर मिळतो. परदेशात जिप्सीच्या भावंडाला, सामुराईला, लोक अशी पुली त्याच कारणासाठी लावतात. ती जोरासाठी आहे. ॲव्हरेजसाठी विकत असेल त्याला विचारा, मोजलं कसं?

मोजण्यावरून आठवलं, तुमचं ‘आठ’ आलं कुठून? टायर कंपनीचे 205/70 आर15 आहेत का? शेतासाठी 235/75 आर15 लावले असतील तर चाकाचा व्यास 668 मिमीवरून साधारण 733 झाला, जवळपास दहा टक्के जास्त. ओडोमीटरला हे माहीत नसतं. तो 100 दाखवतो तेव्हा तुम्ही सुमारे 110 चाललेले असता. म्हणजे तुमचे आठ प्रत्यक्षात पावणेनऊच्या आसपास आहेत, आणि त्यासाठी पाना हातात घ्यायचीही गरज पडली नाही.

काही मेकॅनिक एक लिटरची बाटली लावून टेस्ट करतात. या गाडीत पेट्रोल पंपाकडून टाकीकडे एक परतीची नळी जाते, जास्तीचं पेट्रोल तिच्यातून परत जातं. बाटलीतून पेट्रोल घेतलं आणि परतीची नळी टाकीतच राहिली, तर बाटलीतलं पेट्रोल गुपचूप टाकीत भरलं जातं आणि ॲव्हरेज चार निघतं! मालकाचा चेहरा पडतो, मेकॅनिक कार्ब्युरेटर खोलतो. शिवाय बॉनेटखाली गरम इंजिनाशेजारी पेट्रोलची बाटली लटकवणं मला पटत नाही. टाकी काठोकाठ भरा, त्याच पंपावर, त्याच नोझलने. दोनशे-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा, परत काठोकाठ भरा. असं तीनदा करा. एका टाकीच्या हिशोबावर मी काहीच बोलत नाही.

पूर्वी दहा मिळायचं असं तुम्ही लिहिलंय. त्यातलं थोडं पेट्रोलनेच नेलं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, त्यामुळे ई20 मध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ताकद कमी भरते. इंजिन नवंकोरं असलं तरी ही घट चुकत नाही. त्यात इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, आणि कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो, मिश्रण विरळ पडतं. मग गाडी अडखळते म्हणून कुणीतरी मोठा जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) टाकून देतो आणि ॲव्हरेज आणखी बसतं. जेट कुणी बदलला का ते बघाच. मागच्या पीयूसीचा कागद काढा, त्यावर सीओचा (धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा असतो. जुन्या गाडीला 3 टक्क्यांपर्यंत पास करतात, त्यामुळे पावणेतीन असला तरी कागद मिळतो आणि आपण खूश. निदान आयडलला तरी गाडी भरपूर पेट्रोल पीत असल्याचा तो लेखी पुरावा आहे.

आणखी एक खोड आपल्याकडची. गाडी एकदा गरम झाली की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारी झडप) काढून फेकतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते शहाणपण वाटतं. पण मग हिवाळ्याच्या सकाळी शेतापर्यंतच्या चार-पाच किलोमीटरमध्ये इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल वाफ न होता भिंतींना चिकटतं आणि तेलात उतरतं. तापमानाचा काटा निम्म्यापर्यंत येतो का बघा. येत नसेल तर थर्मोस्टॅट नाहीये.

गाडी जॅकवर घेऊन चारही चाकं हाताने फिरवून बघा, शेतातल्या गाळाने मागचे ब्रेक हमखास धरलेले असतात. पुढच्या हबला फ्री करायची सोय असेल आणि तो लॉकवरच राहिला असेल, तर अख्खा पुढचा एक्सल तुम्ही फुकट फिरवताय.

तर क्रम असा ठेवा. टायरचं माप आणि टाकी-ते-टाकी तीन वेळा हिशोब. मग चाकं, थर्मोस्टॅट, व्हॅक्यूमची डबी, करंट टायमिंग. मग व्हॅक्यूम गेज. एवढं करून गेज पंधरावरच असेल आणि हेड घासल्याची आठवण असेल, तर चकती-गेज घेऊन कॅम मोजा, पुलीचे पैसे तेव्हाच खर्च करा. पट्टा शेवटचा कधी बदलला हे आठवत नसेल, तर मोजायला कव्हर उघडाल तेव्हाच नवा पट्टा आणि टेन्शनर टाकून घ्या. आणि जुना काढण्याआधी खुणा कुठे उभ्या होत्या त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तो फोटो आणि गेजचा आकडा कळवा, मग चार अंशांचं बोलू.